दोन पंचांगांचा माणूस

लक्ष्मीपूजनाच्या तबकातलं विड्याचं पान कुणी खुडलं असेल, असा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही. मुंबईतल्या पुष्कळ घरांत ते वर्षानुवर्षं वसईच्या वाड्यांमधून येत आलं आहे. खुडणारा बहुधा कॅथलिक असायचा. पानांची टोपली स्टेशनकडे रवाना केली की तो घरी यायचा, हातपाय धुवायचा आणि क्रुसापुढे गुडघे टेकायचा. त्याच्या दारात आकाशकंदील नसायचा, पण दिवाळी कधी आहे हे त्याला आपल्याआधी ठाऊक असायचं. कारण वेलीचं पाणी कधी वाढवायचं आणि खुडणी कुठल्या दिवशी काढायची, हे सगळं दिवाळीवरच ठरायचं.

संपादकांनी यंदा ‘घरातला मोठा माणूस’ हा विषय दिला, तेव्हा मी वसईतल्या ओळखीच्या मंडळींना विचारत सुटलो. निर्मळ आणि समुद्र यांच्यामधल्या एका गावातलं एक घर दोघातिघांनी वेगवेगळं सुचवलं. त्या घरातले आजोबा 2024च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी गेले होते. मी पोचलो तो त्यांच्या पहिल्या वर्षाच्या मिस्साच्या सुमाराला, आणि नंतरही जात राहिलो. ‘नाव छापू नका, त्यांना आवडलं नसतं,’ असं थोरल्या चिरंजीवांनी सांगितलं. म्हणून इथे ते नुसते आजोबा.

मराठी ख्रिस्ती माणसाबद्दल लिहायचं म्हटलं की आपल्याकडे लगेच ‘ख्रिस्तपुराण’ आणि ‘स्मृतिचित्रे’ निघतात. दोन्ही थोर. पण या घरात दोन्ही नव्हती. होते ते ‘सुवार्ता’ मासिकाचे सुतळीने बांधलेले गठ्ठे. ‘सुवार्ता’ 1955 साली निघालं आणि आजोबा त्याचे अगदी सुरुवातीपासूनचे वर्गणीदार. त्यांचं वाचन एवढंच, आणि त्यातही आधी मागचं पान, म्हणजे कोण गेलं ते.

भिंतीवर कालनिर्णय

बाहेरच्या खोलीत पूर्वेच्या भिंतीला वेदी आहे. येशूच्या हृदयाची तसबीर, शेजारी मरियामाता, खाली दिवा, आणि झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेली सुकलेली झावळी. तिच्या बाजूला हातभर अंतरावर खिळ्याला कालनिर्णय. 2024चं कालनिर्णयही त्याच्याखाली तसंच लटकतंय. ते अजून कुणी काढलेलं नाही, आणि त्यावर आजोबांच्या हातच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत.

मी त्या खुणा न्याहाळत बसलो. संकष्टीला गोल. मंगळवारी छोटी फुली. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना दोन रेघा. मध्येच कुठेतरी ‘तेरेजा 4’, म्हणजे बहिणीच्या मृत्यूची तारीख. संकष्टीला गोल कशाला? धाकट्या सूनबाईंनी उलगडा केला. ‘जास्वंदीच्या कळ्या. संकष्टीला दादरला भाव वेगळाच असतो. आदल्या संध्याकाळी कळी खुडली पाहिजे, फुललेलं फूल चालत नाही.’ मार्गशीर्षातले गुरुवार म्हणजे महालक्ष्मीची व्रतं, म्हणजे पानं, केळी आणि फुलं. नागपंचमी, गौरी, घट, दसरा, तुळशीचं लग्न, सगळ्यांना काही ना काही खूण होती.

या माणसाने उभ्या आयुष्यात एकही संकष्टी केली नाही. पण पुढची संकष्टी कधी आहे हे विचारायला शेजारच्या आळीतल्या हिंदू बायका त्यांच्याकडे यायच्या. कॅलेंडर पाहायची आजोबांना गरज पडत नसे.

चर्चचं पंचांग त्यांना तितकंच पाठ होतं आणि दोन्हींची गाठ कुठे पडते तेही. ईस्टर वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवर ठरतो. ती पौर्णिमा बहुतेक वर्षी चैत्राची, कधीकधी फाल्गुनाची. 2024 साली होळी झाली आणि आठवड्याच्या आत ईस्टर आला. 2025 साली हनुमान जयंतीची पौर्णिमा गेली आणि आठ दिवसांनी ईस्टर. आजोबा हे डिसेंबरातच बोटांवर सांगायचे. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ कधी लागणार, त्यात मटणाची मागणी कधी पडणार, त्यामुळे गावात कुणाचं लग्न कधी निघणार आणि केळीचे घड कुणाला लागणार, इथपर्यंत हिशेब जायचा. उपवासकाळात कॅथलिकांची लग्नं सहसा लागत नाहीत. केळीच्या बागाईतदाराला हे नुसतं धर्मज्ञान म्हणून नव्हे, गिऱ्हाइकासाठीही लक्षात ठेवावं लागतं.

मला यात श्रद्धा आणि व्यवहार यांची तडजोड दिसेल अशी अपेक्षा होती. तसं काही दिसलं नाही. त्यांच्या लेखी दोन्ही वेळापत्रकं होती, आणि वेळापत्रक पाळायचं असतं, एवढंच.

रहाट आणि घंटा

वसईची वाडी बाहेरून हिरवीगार आणि निवांत दिसते. आत शिरल्यावर कळतं की हा पाण्याच्या हिशेबाचा कारभार आहे. जमीन रेताड, समुद्र जवळ, गोडं पाणी वरच्या थरात. पावसाचं पाणी साठवायला शेतांच्या कडेला बावखलं खणलेली असतात. बावखल म्हणजे उघडं तळं, ज्यातलं पाणी जमिनीत मुरून आजूबाजूच्या विहिरींना मिळतं. पूर्वी विहिरीवर रहाट असायचा आणि रहाटाला जुंपलेला रेडा. तो गोल फिरायचा, लोटे वर यायचे, पाणी पाटात पडायचं आणि पाटाने आळ्याआळ्याला जायचं. पानवेलीला सावली आणि सततची ओल लागते, पण तिच्या मुळाशी पाणी साचलं की वेल गेलीच. त्यामुळे पाणी द्यायला रोज माणूस लागतो. सुट्टी नाही.

पन्नाशी-साठीच्या दशकांत हा रहाट कुणाच्या घड्याळावर चालायचा? चर्चच्या. पहाटेची घंटा झाली की रेडा जुंपायचा. दुपारी बाराची झाली की सोडायचा आणि उभ्या जागी टोपी काढून देवदूताची प्रार्थना म्हणायची. संध्याकाळची झाली की पाटाचं तोंड बंद. थोरले चिरंजीव आता सत्तरीत आहेत. ते सांगतात, ‘रेड्यालाही घंटा कळायची. बाराची वाजली की तो आपोआप थांबायचा. बाबा म्हणायचे, हा आपल्यापेक्षा बरा कॅथलिक आहे.’

रविवारचा प्रश्न अवघड होता. रविवारी कष्टाचं काम करायचं नाही, ही शिकवण. पण कळ्यांना रविवार कळत नाही. संकष्टी सोमवारी आली तर खुडणी रविवारी. त्या पिढीच्या लोकांत अशा कामासाठी फादरांची परवानगी विचारण्याची रीत होती. आजोबांनी एकदा विचारली, फादरांनी दिली, आणि तरीही त्यांच्या मनाचं समाधान होईना. मग त्यांनी स्वतःच नियम घातला. रविवारी खुडलेल्या मालाचे पैसे घरात आणायचे नाहीत. ते वेगळ्या डब्यात. गावात कुणाच्या घरी आजार असेल, कुणाच्या पोराची फी अडली असेल, तिकडे तो डबा जायचा. पत्र्याचा तो बिस्किटांचा डबा मला दाखवला. त्यावरचं चित्र पार घासून गेलंय. नंतर वाडीत मजूर लागायला लागले, माल व्यापारी उचलून न्यायला लागले, आणि रविवारच्या पैशांचा हिशेब वेगळा काढणं जमेना. तरी आजोबा अंदाजाने रक्कम टाकत राहिले. अंदाज नेहमी थोडा जास्तीचा असायचा, अशी मुलांची हसत केलेली तक्रार.

विरारपर्यंत विजेची लोकल 1936 साली आली, तेव्हा आजोबा आठ वर्षांचे. बैलगाडीतून टोपल्या स्टेशनवर, तिथून पहिल्या गाडीने दादर. वसईच्या शेतीचं शहराशी नातं या रुळांनी बांधलं. दूध, भाजी, पानं, फुलं, केळी, सगळं भल्या पहाटे निघायचं. लाल लुगड्यातल्या कुपारी बायका, म्हणजे वसईच्या कॅथलिक शेतकरी बायका, टोपल्या घेऊन डब्यात बसलेल्या जुन्या प्रवाशांना आठवत असतील. आजोबांची आई त्यांतलीच एक. बायको मात्र दादरला कधी गेली नाही. का, ते पुढे येईल.

मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंब नाही

वसईचा ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांबरोबर आला. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने हा मुलूख त्यांना दिला आणि 1739 साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. शाळेतला इतिहास इथे थांबतो. पण फिरंगी गेल्यावर मागे राहिलेल्या गावांत धर्म कसा टिकला असेल, हा मला जास्त रंजक प्रश्न वाटतो. पेशव्यांचं राज्य, मग इंग्रजांचं, आणि गावात कुपारी कुटुंबं, ज्यांची बोली कादोडी, पोशाख देशी, आडनाव परेरा किंवा डाबरे. धर्म टिकला त्याचं एक कारण म्हणजे पाठांतर.

आजोबांच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असे. फादरांची पाठ लोकांकडे, तोंड वेदीकडे. वेदीवर सेवा करणाऱ्या मुलांना लॅटिन उत्तरं घोकावी लागत. एका शब्दाचाही अर्थ न कळता घोकलेली ती उत्तरं आजोबांना शेवटपर्यंत येत होती. शेवटच्या वर्षी विस्मरण वाढलं, नातसुनेला ते मुलीच्या नावाने हाक मारू लागले, पण ‘कोन्फितेओर’ ही लॅटिन प्रार्थना एकदा सुरू झाली की शेवटपर्यंत जायची. नातवाने मोबाइलवर रेकॉर्ड केलंय. मी ऐकलं. खणखणीत, रहाटाच्या लयीत म्हटलेलं लॅटिन.

कम्युनियन घ्यायचं तर मध्यरात्रीपासून पोटात काही जाता कामा नये, पाणीसुद्धा नाही, असा तेव्हाचा कडक नियम. वाडीत राबणाऱ्या माणसाला हे सोपं नव्हतं. रविवारी पहाटे गुरांचं करून, कोरड्या घशाने चालत चर्च, तिथून परत येऊन मग पेज. 1953मध्ये पोपनी पाणी चालेल असं जाहीर केलं, 1957मध्ये उपवास तीन तासांवर आला, 1964मध्ये एका तासावर. आजोबांनी या सवलती वापरल्या नाहीत. सत्तरी ओलांडल्यावर, मधुमेह लागल्यावर, डॉक्टरांनी आणि फादरांनी दोघांनी मिळून सांगितलं तेव्हा त्यांनी सकाळी एक बिस्किट खायला सुरुवात केली, आणि तेही औषध म्हणून खातो असं सांगायचे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1965च्या पुढे, सगळं बदललं. फादर लोकांकडे वळले, मिस्सा मराठीत आली, मराठी गीतं आली. आजोबांना हे आवडलं असेल असं आपल्याला वाटतं, कारण आपल्याला ते आवडलं असतं. त्यांना आवडलं नाही. ‘आता फादर काय म्हणतात ते कळतं,’ असं कुणी म्हटलं की ते म्हणायचे, ‘आधी देवाला कळत होतं.’ पण चर्च सोडलं नाही, कुरकुर केली नाही, मराठी मिस्सा पाठ केली.

1964च्या डिसेंबरात मात्र ते खूश होते. मुंबईत आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस भरली आणि पोप सहावे पॉल आले. भारतात पाय ठेवणारे ते पहिले पोप. वसईतून माणसं गाड्या भरभरून गेली. आजोबा चिक्कार गर्दीत उभे राहिले आणि पोप दिसले ते लांबून, पांढरा ठिपका म्हणून. घरी परत येताना चर्चगेटला त्यांच्या चपला हरवल्या. ही गोष्ट त्यांनी साठ वर्षं सांगितली, आणि दर वेळी चपलांना पोपइतकाच वेळ दिला.

नव्या मिस्सात शांतीची खूण करण्याची रीत आली. शेजाऱ्याकडे वळून नमस्कार करायचा. यातून गावात एक पेच उभा राहिला. ऐंशीच्या दशकात नालासोपारा आणि वसई रोडला इमारती उठल्या, त्यांना पाणी नव्हतं, आणि टँकर वाड्यांमधल्या विहिरींवर यायला लागले. किनाऱ्याजवळ गोड्या पाण्याचा बेसुमार उपसा केला की खालून खारं पाणी वर सरकतं, हे शेतकऱ्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. पानवेलीची पानं सांगतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन त्या असंतोषातून उभं राहिलं, हे बहुतेकांना माहीत आहे. घराघरांत त्याचं काय झालं ते कमी लिहिलं गेलं. आजोबांच्या सख्ख्या चुलतभावाने टँकरला पाणी विकलं. दोघांच्या विहिरी शेजारी, चर्चमधले बाकही शेजारी. पुढची अकरा वर्षं आजोबा दर रविवारी त्याच्याकडे वळून नमस्कार करायचे आणि चर्चच्या पायरीवरून उतरल्यावर त्याच्याशी एक शब्द बोलायचे नाहीत. चुलतभावाच्या आजारपणात ते डबा घेऊन गेले. काय बोलणं झालं कुणाला माहीत नाही.

साडेसातची रोझरी

भक्तीचा खरा गाडा चर्चमध्ये नव्हे, घरात चालायचा. संध्याकाळी साडेसातला रोझरी. माळेच्या पाच दशकांत ‘नमो मरिये’ पन्नासदा, सुरुवातीचे तीन धरून त्रेपन्न, मग मरियेची लितानी, मग मृतांसाठी प्रार्थना. मृतांची यादी आजोबांच्या डोक्यात. आधी आईबाप, मग गेलेली मुलं (दोन लहानपणीच गेली), भाऊबहिणी, चुलते, आणि शेवटी ज्यांच्यासाठी कुणी प्रार्थना करत नाही ते सगळे. यादी दर वर्षी लांबत गेली. नातवंडांचे गुडघे दुखत. झोप यायची. झोपणाऱ्याला आजोबा पुढचं दशक सांगायला लावायचे.

साडेसात म्हणजे साडेसात. कॉलेजातून येणारी मुलं स्टेशनवरून धावत यायची. पाहुणा आला असेल तर तोही बसायचा. एका जावयाने पहिल्याच दिवाळीच्या सुट्टीत क्रिकेटची मॅच बघत राहण्याचा धीर केला. आजोबा उठले, टीव्हीचं बटण बंद केलं, काही न बोलता परत येऊन बसले. त्या जावयाचं लग्न टिकलं, पण हा प्रसंग तो अजून सांगतो, आणि सगळ्यांत मोठ्याने तोच हसतो.

या शिस्तीचं मला सरसकट कौतुक करवत नाही. आजींना, म्हणजे आजोबांच्या पत्नीला, दादरला जायचं होतं. बाजारासाठी नव्हे, दादर बघायला. साडेसातच्या आत परत यायचं म्हणजे दुपारीच निघायचं, आणि दुपारी वाडीतलं काम. ‘पुढच्या वेळी’ असं म्हणत म्हणत ते राहून गेलं. आजी 2009 साली गेल्या. हे मला मोठ्या मुलीने सांगितलं, स्वयंपाकघरात तांदळाची भाकरी थापता थापता, आणि वर म्हणाली, ‘देवाचं सगळं वेळेवर व्हायचं. आईचं कधी झालं नाही.’

रोझरीत एकदाच गडबड झाली. जुन्या पद्धतीत गुरुवारी आनंदाची रहस्यं, म्हणजे येशूच्या जन्म-बालपणाचे प्रसंग, म्हणत. 2002 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच नवी रहस्यं घातली आणि त्यांना गुरुवार दिला. चर्चमध्ये कागद वाटले. आजोबांनी कागद घेतला, नीट घडी घातली, बायबलात ठेवला. आणि गुरुवारी आनंदाचीच म्हटली. सून म्हणाली, ‘बाबा, पोपनी सांगितलंय.’ त्यावर त्यांचं उत्तर घरात म्हणीसारखं झालंय. ‘पोपनी घालायला सांगितलीत, काढायला नाही.’ तर्क म्हणून हे कच्चं आहे, पण पंच्याहत्तरीच्या माणसाशी गुरुवारी संध्याकाळी कोण वाद घालणार?

मुलींच्या सह्या

बँकेचं पासबुक, बाप्तिस्म्याचा दाखला आणि सातबारा. मोठा माणूस गेला की घराला या तीन कागदांशी झुंजावं लागतं.

पासबुक सोपं होतं. खातं बॅसीन कॅथलिक बँकेत. मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी 1918 साली सावकाराच्या पाशातून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी सुरू केलेली ही पतसंस्था आता मोठी बँक आहे. आजोबांचे वडील तिथले जुने सभासद. बागाईतदाराला दरसाल कर्ज लागतंच, आणि चर्चच्या सावलीत उभी राहिलेली पतसंस्था नसती तर या पट्ट्यातल्या किती वाड्या राहिल्या असत्या, याची कल्पना करता येते.

सातबारावर मात्र आजोबांचं नाव एक, आधारवर दुसरं, आणि गावात हाक मारायचं तिसरं. वडिलांचं नाव तर टोपणनावानेच लागलेलं. वारस नोंदीला हे सगळं एकच माणूस आहे हे सिद्ध करायला हवं. ते सिद्ध झालं चर्चच्या वहीतून. चर्चच्या कार्यालयात मी ती नोंद पाहिली. जाड पुठ्ठ्याची, कडा कुरतडलेली वही. 1928ची ओळ. शाई तपकिरी झालेली. नाव लॅटिन रूपात, मग बापाचं, आईचं, धर्ममातापित्यांची नावं, फादरांची सही. आणि समासात वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या शाईने केलेल्या टिपा. अमुक साली दृढीकरण. अमुक साली विवाह, अमुक चर्चमध्ये, अमुकशी. एका माणसाचं अख्खं आयुष्य चार बोटांच्या समासात.

खरी अडचण पुढे आली. आजोबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. त्यांनी चार मुलांना तोंडी वाटणी करून दिली होती. कुणाची कुठली आळी, पाण्याची पाळी कुणाची कधी, सगळं ठरलेलं. मुली तीन. त्यांना लग्नात दागिने दिले, सणाला बोलावलं, झालं. पण ख्रिस्ती माणसाला लागू होतो तो 1925चा भारतीय उत्तराधिकार कायदा. मृत्युपत्र नसेल आणि नवरा-बायको हयात नसतील, तर मुलगा-मुलगी सगळ्यांना सारखा वाटा. आपल्याकडे मुलींच्या समान हक्काची चर्चा हिंदू कायद्याच्या दुरुस्तीवरून होते. या गावांत तो हक्क शंभर वर्षं कागदावर आहे, आणि शंभर वर्षं मुली हक्कसोडपत्रावर सह्या करत आल्या आहेत. भावाचं घर माहेर राहावं म्हणून.

दोघींनी सह्या केल्या. भाकरी थापणाऱ्या मोठीने केली नाही. ती आता पासष्टीपुढे आहे. तिला पापडीला दिलेली. भाऊ नाराज आहेत. बोलत नाहीत असं नाही, पण वर्षाच्या मिस्सानंतरच्या जेवणात तिच्या ताटाकडे कुणी फारसं आग्रहाने बघत नव्हतं, एवढं माझ्या लक्षात आलं. मी विचारलं, जमीन हवी आहे का?

‘मला काय करायची जमीन? मी म्हातारी झाले,’ ती म्हणाली. ‘पण उद्या बिल्डर आला, आणि तो येणारच, तर चौघांच्या सह्या तो एका दुपारी घेईल. माझी लागली तर त्याला पापडीला यावं लागेल. येऊ दे. चहा देईन.’

तिच्या भावांना हे हटवादीपणाचं वाटतं. मला ती त्या घरात बापाची सगळ्यांत जवळची वारस वाटली. आजोबांनी मात्र तिचा वाटा तोंडी वाटणीतसुद्धा धरला नव्हता.

ऑगस्टमधली कबर

ते गेले तेव्हा चार दिवस संततधार चालली होती. चर्चची मृत्यूची घंटा झाली, गाव जमलं. दफनभूमीत खड्डा खणला तर खालून पाणी. किनाऱ्याच्या गावात पावसाळ्यात असं होतंच. शेजारच्या वाडीतली मोटार आणून पाणी काढावं लागलं, आणि फादरांच्या प्रार्थनेत मोटारीचा आवाज मिसळून गेला. धाकटे चिरंजीव ती मोटार धरून उभे होते. ‘आयुष्यभर विहिरीतून पाणी काढलं, शेवटी आम्हाला लावलं कामाला,’ हे त्यांचं वाक्य. पेटीबरोबर माळ ठेवली. पेन्सिल ठेवायची असं नातीने सुचवलं, मोठ्यांनी ते मानलं नाही.

कबर कायमची नाही. बहुतेक गावांच्या दफनभूमीत जागा अपुरी. काही वर्षांनी तीच जागा दुसऱ्यासाठी उघडली जाते. आजोबांच्या आधी तिथे कोण होतं, हे कुटुंबाला ठाऊक आहे, दूरच्या नात्यातलीच एक बाई. ज्याची त्याची पाळी, असं त्यांनी अगदी सहज सांगितलं. वाडीतल्या पाण्यासारखीच.

2 नोव्हेंबर हा सर्व मृतांचा स्मरणदिन. 2024 साली लक्ष्मीपूजन आणि सर्व संतांचा सण एकाच दिवशी, 1 नोव्हेंबरला आले, आणि दुसऱ्या दिवशी पाडवा आणि मृतांचा दिवस. आजोबांच्या पंचांगातल्या सगळ्या रेघा त्या दोन दिवसांत एकमेकींवर बसल्या होत्या. बाजारात झेंडूचा भाव चढलेला, आणि गावात कबरींवर घालायलाही झेंडूच हवा. घरच्या वाडीतली फुलं दादरला पाठवायची की बापाच्या कबरीवर घालायची, यावर थोडा वेळ चर्चा झाली. अर्धी पाठवली. उरलेल्यांत कबर पिवळीधमक झाली. दफनभूमीत मेणबत्त्या, गावाबाहेर फटाके. नात सांगत होती की आजोबा असते तर त्यांनी आधी भाव विचारला असता.

सव्वानऊ

आता त्या घरात साडेसातला कुणी नसतं. एक मुलगा बँकेतून आठला सुटतो, एक नातू अंधेरीला, एक नात नायगावला, एक नातू दुबईला. वाडी आहे, पण वेली कमी झाल्या. पानाला माणूस रोज लागतो आणि रोज येणारा माणूस मिळत नाही. त्या जागी सोनचाफा लावलाय. रहाटाचं लाकूड सरपणात गेलं, विहिरीवर मोटार आहे, आणि मोटार आता मोबाइलवरून चालू करता येते. बाराच्या घंटेला ती थांबत नाही.

आजोबा गेल्यावर महिनाभर रोझरी साडेसातलाच झाली, निम्म्या माणसांनी. मग थोरल्यांनी वेळ नऊ केली. अंधेरीच्या नातवाची गाडी चुकली की तेही जमेना. शेवटी सव्वानऊ ठरलं, दुबईतले पावणेआठ. टेबलावर मोबाइल उभा करून ठेवतात, तसबिरीच्या खाली, म्हणजे दुबईच्या नातवाला वेदी दिसावी. मृतांची यादी कुणालाच पुरती पाठ नव्हती. आठवतील तशी नावं नातीने वहीत उतरवून काढली आणि त्यावर भांडणं झाली. चुलतभावाचं नाव घालायचं की नाही, त्यावर सगळ्यांत जास्त. घातलं.

आठवड्यातल्या पाळ्या वाटून घेतल्यात. गुरुवार दुबईच्या नातवाच्या वाट्याला आला. तो प्रकाशाची रहस्यं म्हणतो. ती तो तिथल्या चर्चमध्ये शिकला आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. थोरले चिरंजीव गुरुवारी जेवणानंतर मोटारीचा स्टार्टर बघून येतो म्हणून वाडीत जातात आणि लितानी सुरू होताना परत येतात. मी गेलो होतो तोही गुरुवारच होता. स्टार्टर बरा आहे का, असं मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, ‘शुक्रवारी एकदम व्यवस्थित असतो.’